लहान मुलांची सीबीटी-प्ले थेरपी ऑनलाइन : बाहुली पडद्यात, खेळ पडद्याबाहेर

निळी_शाई

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "चार वर्षांच्या मुलाची थेरपी व्हिडिओ कॉलवर? पैसे पाण्यात." तिथेच उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढते आहे. मी तीन ते आठ वर्षांच्या मुलांसोबत काम करते. मार्च २०२० मध्ये खेळाच्या खोलीला कुलूप लागलं तेव्हा माझंही मत अगदी हेच होतं, त्यामुळे त्या प्रतिसादावर मला राग नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्ले थेरपी म्हटलं की बहुतेकांना वाटतं, मूल खेळतं आणि बाई बघत बसते. तशी पद्धत आहेच, आणि "बघत बसणं" हे त्यातलं अवघड कौशल्य आहे. व्हर्जिनिया अ‍ॅक्स्लाइन यांनी १९४७ मध्ये ती मांडली. त्यात मूल पुढे चालतं, थेरपिस्ट मागून. मी करते ती तिची चुलत बहीण, सीबीटी-प्ले थेरपी. सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी; ती इथे खेळातून द्यायची. सुझन नेल यांनी १९९३ च्या पुस्तकात तिची नीट बांधणी केली. मोठ्यांच्या सीबीटीत "तेव्हा मनात काय आलं? त्याला पुरावा काय?" असं विचारता येतं. चार वर्षांच्या मुलाला हे विचारलंत तर ते तुमच्या चष्म्याकडे बघत राहील. म्हणून तो विचार बाहुलीच्या तोंडी घालायचा. बाहुली घाबरते, बाहुली चुकीचं अनुमान काढते, बाहुली स्वतःशी बोलून धीर गोळा करते, आणि मूल तिला मदत करता करता तेच शिकतं. खेळ असतो, पण आजच्या खेळातून कुठे पोचायचंय हे मला आधी माहीत असतं.

ऑनलाइन झाल्यावर पहिला महिना मी काय केलं? माझी खोली पडद्यावर आणली. मागे खेळण्यांचं कपाट, हाताशी अकरा बाहुल्या, स्क्रीन शेअर करून रंगीत खेळ. मुलं सहा-सात मिनिटं बघायची, कार्टून बघतात तशी. मग उठून जायची. मी खेळ करणारी झाले होते आणि मूल प्रेक्षक. प्रेक्षकाला थेरपी होत नसते.

पुढे एका मुलामुळे चक्र फिरलं. (तपशील पुरेसे बदलले आहेत.) पाच वर्षांचा मुलगा, अंधाराची भीती, रात्री बाथरूमला एकटा जात नसे. माझ्या हातात कासवाची बाहुली, त्याच्या हातात आईने दोन बटणं शिवून दिलेला मोजा. मोज्याचं नाव त्यानेच ठेवलं: ढम्या. माझं कासव कवचात डोकं घालून सांगत होतं, "बोळात काहीतरी आहे, मला ठाऊक आहे," आणि नेमकं तेव्हा माझं नेट अडकलं. त्याच्या पडद्यावर कासव तोंड उघडं टाकून थिजलेलं. आवाज मात्र माझ्यापर्यंत येत होता. तो ढम्याला सांगत होता, "घाबरू नको, ते अडकलंय फक्त. येईल परत. तोवर मोठ्ठा श्वास घे. पोटातून. असा."

तीन आठवडे मी जे त्याच्या गळी उतरवू बघत होते ते त्याने मोज्याला चाळीस सेकंदांत शिकवलं होतं. तेव्हापासून माझी बाहुली कमी बोलते. खेळाचं सामान पडद्याच्या त्या बाजूला असतं, मुलाच्या हातात. मी सांगते ते घरातलंच: एक मोजा, दोन खोकी, कागद-खडू, बॅटरी, एखादी चादर. विकतचा संच मागवू नका. आपल्या मोज्यावर मुलाचा जेवढा हक्क असतो तेवढा नव्या बाहुलीवर नसतो.

आणि त्या मुलाच्या बाबतीत घर हीच सोय ठरली. क्लिनिकमध्ये मला पडदे ओढून खोटा अंधार करावा लागला असता. इथे खरा बोळ होता. शिडी अशी लावली: दिवसा, दार उघडं, ढम्या पुढे आणि मुलगा मागे. मग दिवा बंद, तीनपर्यंत मोजायचं. मग दहापर्यंत. मग टॅब आईच्या हातात खोलीतच, तो बोळात, आणि मी फक्त आवाज. शेवटी टॅबही नाही. दुसऱ्या दिवशी ढम्या मला "अहवाल" देणार. प्रत्येक पायरीवर भीती किती ते तो चादरीखालून दाखवायचा: फक्त डोळे बाहेर म्हणजे जास्त, अख्खं तोंड बाहेर म्हणजे थोडी. एक ते दहाच्या मोजपट्टीपेक्षा मला ते कितीतरी नेमकं वाटलं.

एक गोष्ट नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी. कासव पहिल्याच फटक्यात शूर झालं तर मूल त्याच्यापासून तुटतं. १९७१ मध्ये मायकेनबॉम यांनी दाखवलं होतं की न घाबरणाऱ्या आदर्शापेक्षा घाबरत-घाबरत निभावून नेणारा आदर्श भीती कमी करायला जास्त उपयोगी पडतो. पडद्यावर हे विसरायला होतं, कारण वेळ कमी म्हणून आपण घाईने कासवाला धीट करून टाकतो. मी केलंय. मुलाने टॅब उलटा ठेवला.

---

पाखरू

वाचनखूण साठवली. "प्रेक्षकाला थेरपी होत नसते" +१.

---

दोन_कान

ताई, मी पालक आहे. मुलगी सव्वाचार वर्षांची, कुत्र्यांची प्रचंड भीती. गेले पाच आठवडे ऑनलाइन सेशन चालू आहेत. ती दहा मिनिटांत उठून पळते. थेरपिस्ट म्हणतात "चालेल", पण मला दर वेळी ओशाळल्यासारखं होतं. शिवाय मी शेजारी बसायचं की नाही हेच कळत नाही. बसले तर ती माझ्याकडे बघते, उठले तर टॅब घेऊन सोफ्याखाली जाते.

---

निळी_शाई

@दोन_कान, दहा मिनिटं म्हणजे वाईट नाही. खोलीतही या वयाचं मूल पंचेचाळीस मिनिटं एका जागी नसतंच. फक्त तिथे ते पळून पळून माझ्याच खोलीत राहतं. ऑनलाइन मी बहुधा एका लांब सेशनऐवजी आठवड्यात वीस-वीस मिनिटांची दोन घेते आणि पळण्यालाच खेळात जागा ठेवते: "ढम्याला लपायला जागा शोध, मी दहा मोजते." मूल पळालं तरी खेळ सुटत नाही.

सोफ्याखाली जाते ना? तुमच्या थेरपिस्टना सांगून बघा, बाहुलीचं घर सोफ्याखालीच करता येईल का. मी तिथेच केलं असतं.

आता शेजारी बसण्याबद्दल. ऑनलाइनमध्ये सगळ्यात मोठा बदल पालकाच्या कामात होतो. क्लिनिकमध्ये तुम्ही खोलीबाहेर बसता. इथे माझे हात तुम्ही असता: दिवा तुम्ही बंद करणार, खोकं तुम्ही धरणार, चार्टवर स्टिकर तुम्ही लावणार. त्यामुळे पहिलं सेशन मी मुलाशिवाय, फक्त पालकांशी करते. त्यात दोन-तीन गोष्टी पक्क्या करते. मुलाच्या वतीने उत्तर द्यायचं नाही. "सांग ना बाईंना, काल काय झालं ते" असं कुजबुजायचं नाही (हे सगळे करतात, मीही आई म्हणून केलंय). आणि स्टिकर भीती गेल्याचा नसतो, पायरी चढून बघितल्याचा असतो. रडत रडत दोन पावलं टाकली, तरी स्टिकर. हसत हसत टाळलं, तर नाही. पण रागावायचंही नाही, पायरी अर्धी करायची.

शाबासकीचं तुमच्याकडे सोपवते ते आणखी एका कारणाने. आवाज अर्धा-पाऊण सेकंद उशिरा पोचतो. मी "वा!" म्हणेपर्यंत मूल दुसरंच काही करायला लागलेलं असतं आणि माझी शाबासकी त्या दुसऱ्याच गोष्टीला जाऊन चिकटते. एकदा मी ढम्याच्या धीराला दाद दिली आणि ती पोचली तेव्हा गडी नाकात बोट घालत होता.

पालकाच्या कानात इअरफोन घालून थेरपिस्टने सूचना द्यायच्या, हे तंत्र काही आपण शोधलेलं नाही. शीला आयबर्ग यांच्या पालक-मूल संवाद थेरपीत १९७० च्या दशकापासून ते आहे. तिथे थेरपिस्ट काचेपलीकडे असतो. २०१७ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ४० मुलांवरचा एक अभ्यास आला, त्यात हीच थेरपी काहींना क्लिनिकमध्ये आणि काहींना घरी इंटरनेटवरून दिली. घरचा गट मागे पडला नाही. ती थेरपी वेगळी आहे, हट्टी आणि आक्रमक वागण्यासाठीची, म्हणून तिचे निकाल उचलून आपल्या पदरात टाकता येणार नाहीत. पण पालकाला दुरून हाताशी धरता येतं एवढं त्यातून नक्की दिसतं.

---

वाळूचं_घड्याळ

मी बालककेंद्री पद्धतीने (अ‍ॅक्स्लाइन यांची, मूल पुढे आणि थेरपिस्ट मागून) काम करतो, एकोणीस वर्षं झाली. लेख प्रामाणिक आहे म्हणूनच विरोध नोंदवतो.

एक : खेळाची खोली म्हणजे फक्त खेळणी नव्हेत. ती एकमेव जागा असते जिथे मुलाने केलेलं बोललेलं घरी पोचत नाही. तुम्ही पालकालाच हात बनवलंत. मग आईबद्दलचा राग ढम्या कुणासमोर काढणार? ढम्याची बटणंही आईनेच शिवलीत.

दोन : मूल जेव्हा वाळूत हात खुपसून दहा मिनिटं गप्प बसतं तेव्हा मला त्याचा श्वास ऐकू येतो, खांदे दिसतात. तुम्हाला कपाळ आणि छताचा पंखा दिसतो.

तीन : शिडी, स्टिकर, अहवाल. हे खेळाचं सोंग घेतलेलं प्रशिक्षण तर नाही ना? हा प्रश्न ऑनलाइनचा नाही, मान्य. पण ऑनलाइनमध्ये ते सोंग उघडं पडतं.

---

निळी_शाई

@वाळूचं_घड्याळ, दादा, पंख्याचं अगदी खरं. एका मुलीचं जवळपास अख्खं सेशन मी छत बघितलं आहे. तिचा आवाज बरा वाटत होता. ती पायाच्या बोटांनी चादर कुरतडत होती हे आईने नंतर सांगितलं. तेव्हापासून टॅब हातात नाही, पुस्तकांच्या चळतीला टेकवून जमिनीवर, मुलापासून दीडेक मीटर लांब. मूल कमरेपासून वर दिसलं पाहिजे आणि हात तर दिसलेच पाहिजेत. तरी श्वास ऐकू येत नाही, हे मान्य.

पहिल्या मुद्द्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मी काय करते ते सांगते. सुरुवातीलाच मूल टॅब फिरवून मला खोली दाखवतं, "ढम्याला नवं घर बघायचंय" म्हणून. मलाही कळतं कोण कोण आहे. पालक पहिली काही मिनिटं असतात, मग बाहेर जातात, शिडीचं काम असेल तेव्हाच परत येतात. एक लाल ठोकळा ठरलेला असतो: तो मुलाने समोर ठेवला की कुणीतरी ऐकतंय, आपण चित्र काढायला लागायचं. सहा वर्षांच्या पुढची मुलं हे चोख पाळतात. चार वर्षांची ठोकळा आईलाच नेऊन दाखवतात.

आणि काही मुलं मी ऑनलाइन घेतच नाही. जिथे घरातल्याच माणसाची भीती असल्याची शंका आहे, जिथे मारहाण आहे, जिथे दार लावता येत नाही, तिथे नाही. अशा घरात मुलाला "मनातलं बोल" म्हणणं म्हणजे त्यालाच उघड्यावर टाकणं. प्रत्येक सेशनच्या आरंभी आज मूल कुठल्या पत्त्यावर आहे आणि फोन तुटला तर कुठल्या मोठ्या माणसाला लावायचा, हे विचारून लिहून ठेवते. कंटाळवाणं आहे, पण मला एकदा त्याची गरज पडली आहे.

तिसऱ्यावर मात्र भांडेन. नेल आणि मूर यांची १९९० ची एक केस आहे. पाच वर्षांचा मुलगा, कपड्यांतच शी होत असे. त्यात बाहुलीला तीच अडचण दिली होती. तो मुलगा आपल्या बाहुलीला धीर देत होता तेव्हा खेळत होता की शिकत होता? मला वेगळं काढता येत नाही. तुम्हाला येत असेल तर खरंच सांगा, टोमणा नाही.

---

वाळूचं_घड्याळ

टोमणा वाटला नाही. वेगळं काढता येतं असं माझं म्हणणं आहे, पण ते इथे दोन ओळींत होणार नाही. घरातल्याच माणसाची भीती असलेली मुलं ऑनलाइन घेत नाही, हे वर मूळ लेखातच घाला. ते खाली प्रतिसादात हरवेल.

---

यंत्रमानव_५

मी यातला नाही, आवाज-चित्राच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. बायको शिक्षिका, तिला सांगितलेलं इथेही सांगतो.

पार्श्वभूमी धूसर करायची सोय बंद ठेवा. ती माणसाचा आकार ओळखते, हातातली बाहुली तिला माणसात धरायची की भिंतीत हे कळत नाही, मग कासवाचं डोकं गायब होतं. अंधाराला घाबरणाऱ्या पोरासमोर हे नको.

गोंगाट गाळायची सोयही बंद करा. ती टाळ्या, खुळखुळा, फुंकर सगळं गोंगाट समजून कापते. तुम्ही श्वासाचा व्यायाम करून घेताय आणि पलीकडे पूर्ण शांतता.

एकत्र गाणं म्हणायच्या भानगडीत पडू नका, आवाजाच्या उशिरामुळे कधीच जुळणार नाही. आळीपाळीने म्हणा.

---

निळी_शाई

@यंत्रमानव_५, फुंकर! आता कळलं. पिसं फुंकण्याच्या खेळात मुलं मला "तू फुंकतच नाहीयेस" म्हणायची आणि मला वाटायचं ती खोड्या काढतात.

माझ्याकडून एक भर : बाहुली कॅमेऱ्याच्या फार जवळ नेऊ नका. रुंद भिंगामुळे नाक भोपळ्याएवढं दिसतं. तीन वर्षांच्या एका मुलीने माझ्या गोंडस सशाला बघून किंकाळी फोडली होती. आणि नेल यांचं बाहुल्यांकडून वाक्य पूर्ण करून घ्यायचं तंत्र वापरणार असाल, ज्यात "मला सगळ्यात जास्त भीती वाटते..." असं एक बाहुली म्हणते, दुसरी पुरं करते आणि मग मुलाच्या बाहुलीची पाळी येते, तर दोन्ही हात अडकलेले असतात हे लक्षात ठेवा. माऊस चालवायला तिसरा हात नसतो. जे काही दाखवायचं ते आधीच उघडून ठेवा.

---

मधली_सुट्टी

शाळेत समुपदेशक आहे. एक सहा वर्षांची मुलगी घरी चुरुचुरु बोलते, शाळेत शब्द नाही. ऑनलाइन सेशनमध्ये ती माझ्याशी तिसऱ्याच आठवड्यात बोलायला लागली. आई खूश, मी साशंक. पडदा तिला सोपा जातोय म्हणून आपण तिच्या टाळण्यालाच खतपाणी घालतोय का?

---

निळी_शाई

@मधली_सुट्टी, शंका बरोबर जागी आहे. पडदा ही पहिली पायरी म्हणून उत्तम, पण मुक्काम म्हणून वाईट. शिडी कागदावर काढा आणि तिची सगळ्यात वरची पायरी शाळेत, वर्गात, माणसासमोर ठेवा. मधल्या पायऱ्या अशा काही : कॅमेरा बंद ठेवून फक्त बाहुलीचा आवाज, मग कॅमेरा चालू, मग तुम्ही शाळेतल्या रिकाम्या वर्गातून कॉल करा म्हणजे तिला तो वर्ग दिसेल, मग ती त्याच वर्गात, तुम्ही शेजारच्या खोलीतून कॉलवर, मग तुम्ही दारात, पाठ करून. एका वेळी एकच गोष्ट बदला. जागा बदलली त्या आठवड्यात माणूस बदलू नका.

बाहुली मात्र तीच राहू द्या. शाळेत ती दप्तरातून जाईल.

---

दोन_कान

उशिरा लिहितेय. थेरपिस्टना सोफ्याचं विचारलं, त्या हसल्या आणि लगेच तयार झाल्या. आता सोफ्याखाली "दवाखाना" आहे. लेक डॉक्टर, कुत्र्याची बाहुली पेशंट, टॅब दाराशी टेकवलेला. परवा थेरपिस्टनी एका मुलाची छोटी फिल्म दाखवली, तो कुत्र्याजवळ थोडा थोडा करत जातो. ऑनलाइन असल्यामुळे आपल्याला दुय्यम काहीतरी मिळतंय का, असं माझ्या मनात आलंच.

---

निळी_शाई

फिल्म दुय्यम मुळीच नाही. अल्बर्ट बंडुरा आणि मेनलव यांनी १९६८ मध्ये कुत्र्याला घाबरणाऱ्या लहान मुलांना अशाच फिल्म दाखवल्या होत्या आणि मुलांची भीती कमी झाली होती. वेगवेगळी मुलं वेगवेगळ्या कुत्र्यांजवळ जाताना दाखवली की परिणाम आणखी चांगला. थेरपिस्टना विचारा, एकाऐवजी दोन-तीन मुलांच्या मिळतात का. डॉक्टरीणबाई काय म्हणतायत?

---

दोन_कान

विचारते. डॉक्टरीणबाईंनी काल पेशंटला तपासून सांगितलं, "याला माणसांची भीती वाटते. रोज एक माणूस लांबून दाखवा." आज संध्याकाळी पेशंटला काखेत घेऊन आम्ही खिडकीत उभ्या होतो. खाली एक खराखुरा कुत्रा गेला. तिने बाहुलीचे डोळे झाकले. स्वतःचे नाही.

---

पाखरू

@दोन_कान 🙂 पुढच्या भेटीचा अहवाल इथेच टाका.